गुलमंडीतलं मत : खरं काय, ऐकीव काय

विधानसभा निवडणूक जवळ आली की आपल्या गुलमंडीत, सुपारी हनुमान मंदिराच्या आसपास पहिला प्रश्न असतो, तिकीट कुणाला? पक्षाने सर्व्हे केला म्हणजे लोकांनीच उमेदवार ठरवला, असं अनेकांना वाटतं. तसं नसतं. अमेरिकेत राज्य विधिमंडळाच्या जागांसाठीही पक्षाचा उमेदवार मतदारच प्राथमिक निवडणुकीत निवडतात. आपल्याकडे तसा कायदा नाही. 2014 च्या लोकसभेला काँग्रेसने वर्धा आणि लातूरमध्ये तसा प्रयोग केला, पण मत होतं पक्षाच्या लोकांना. बाकी एबी फॉर्म, म्हणजे पक्षाचं अधिकृत उमेदवारीपत्र, ज्याला मिळेल तो पक्षाचा उमेदवार. तरी शेवटचा शब्द मतदाराचाच. 2009 मध्ये आपल्याच औरंगाबाद मध्य मतदारसंघातून प्रदीप जैस्वाल अपक्ष म्हणून निवडून आले होते.

सगळ्यात जास्त घोळ मतदार यादीचा. गुलमंडीतली जुनी घरं सोडून कितीतरी कुटुंबं सिडको-गारखेड्याकडे राहायला गेली. नाव जुन्या यादीत तसंच राहतं, नव्या पत्त्यावर पुन्हा नमुना 6 भरला जातो, आणि ‘दोन्हीकडे असलं तर काय बिघडलं?’ असं म्हटलं जातं. बिघडतं. एकाच माणसाचं नाव दोन ठिकाणी असणं कायद्याला मंजूर नाही, आणि अर्जात खोटी माहिती देणं हा गुन्हा आहे. नमुना 6 फक्त नव्या मतदारासाठी. घर बदललं, अगदी मतदारसंघ बदलला, तरी नमुना 8 भरायचा. अठरा पूर्ण झालेल्या मुलांनाही आता जानेवारीची वाट पाहावी लागत नाही. 1 जानेवारी, 1 एप्रिल, 1 जुलै आणि 1 ऑक्टोबर अशा चार तारखा धरल्या जातात.

मतदार कार्ड हरवलं म्हणून घरी बसू नका. आधार, पॅन, लायसन्स, पासपोर्ट, फोटो असलेलं बँकेचं पासबुक, यातलं काहीही चालतं. उलट कार्ड हातात आहे पण यादीत नाव नाही, तर मत देता येत नाही. म्हणून यादी आधी बघा, कार्ड नंतर शोधा.

केंद्रावर गेल्यावर ‘तुमचं मत पडलंय’ असं ऐकून माणसं निमूट परत फिरतात, याचं मला फार वाईट वाटतं. तिथेच केंद्राध्यक्षाकडे प्रदत्त मत, म्हणजे टेंडर वोट मागायचं. तुमची ओळख पटली की ते मशीनवर नाही, कागदी मतपत्रिकेवर द्यायचं असतं, आणि ते वेगळ्या लिफाफ्यात ठेवलं जातं. नेहमीच्या मोजणीत ते धरत नाहीत, हे खरं. पण निकाल कोर्टात गेला तर तोच कागद पुरावा असतो. राजस्थानात नाथद्वाऱ्याला 2008 मध्ये सी. पी. जोशी एका मताने पडले आणि अशाच मतांचा वाद सुप्रीम कोर्टापर्यंत गेला.

नोटाला सर्वाधिक मतं पडली तर फेरनिवडणूक होते, हा समज महापालिकेवरून आलाय. राज्य निवडणूक आयोगाने 2018 मध्ये तसा आदेश काढला तो स्थानिक स्वराज्य संस्थांपुरता. विधानसभा भारत निवडणूक आयोगाकडे. तिथे नोटा कितीही असो, उमेदवारांत ज्याला जास्त मतं तो आमदार. आणि निकाल थोड्या मतांनीही फिरतो: शेजारच्या औरंगाबाद पूर्वमध्ये 2024 ला फरक होता 2,161 मतांचा.

आणि दुकान बंद करून पोचेपर्यंत सहा वाजले तर? सहाच्या ठोक्याला रांगेत असाल तर शेवटच्या माणसापासून चिठ्ठ्या वाटत येतात, आणि चिठ्ठी असलेल्या प्रत्येकाचं मत घेतल्याशिवाय केंद्र बंद होत नाही.