आडनावांच्या वाटा : डिसोजा 'डी'त की 'एस'मध्ये?

पोर्तुगीज आडनावे उत्तर कोकणात रुजली ती वसईच्या तहानंतर. गुजरातच्या बहादूरशहाने १५३४ मध्ये वसईचा मुलूख पोर्तुगिजांना दिला आणि १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी तो जिंकून घेतला. मधल्या दोनशे वर्षांत वसई, साष्टी आणि ठाण्याच्या किनारपट्टीवर बाप्तिस्मा घेणाऱ्यांना बहुधा पाद्र्याचे किंवा धर्मपित्याचे आडनाव मिळे. त्यामुळे परेरा किंवा डिमेलो या आडनावावरून कोणाच्या अंगात पोर्तुगीज रक्त आहे असे ठरत नाही. कल्याण-अंबरनाथचा आतला भाग या सत्तेबाहेर राहिला. अंबरनाथ पूर्वेच्या इमारतींतल्या पाट्यांवर ही आडनावे दिसतात ती बहुतेक रेल्वेमार्गाने नोकरीधंद्यासाठी आलेल्या कुटुंबांची.

फर्नांडिस, रॉड्रिग्ज, लोपीस, गोन्साल्विस ही मुळात बापाच्या नावावरून पडलेली आडनावे. फर्नांडिस म्हणजे फर्नांडोचा मुलगा. पोर्तुगीजमध्ये त्यांच्या शेवटी 'एस' येतो, स्पॅनिशमध्ये 'झेड'. गोवा-वसईची कुटुंबे म्हणूनच 'एस' लावतात आणि मेक्सिकोची मंडळी 'झेड'. इंग्रजी वृत्तपत्रांना मात्र 'झेड'ची सवय जास्त, त्यामुळे गोव्याच्या माणसाचे आडनाव छापताना तो नको तिथे घुसतो. उलट सूझा कुटुंबात 'झेड' जुनाच आहे. १९११ च्या शुद्धलेखन सुधारणेनंतर पोर्तुगालने 'सोउसा' हे रूप 'एस'ने पक्के केले, पण भारतात आणि ब्राझीलमध्ये 'झेड' टिकून राहिला. तामिळनाडूच्या तुतिकोरीन किनाऱ्यावर आणि श्रीलंकेत तर फर्नांडो हे पहिले नावच आडनाव होऊन बसले.

सगळ्यात घोळ आहे डिसोजासारख्या आडनावांत 'डी'नंतर येणाऱ्या स्वल्पविरामासारख्या वरच्या चिन्हाचा. पोर्तुगीजमध्ये 'द' हा संबंध दाखवणारा सुटा शब्द. पुढे स्वर आला तरच तो जोडला जाऊ शकतो आणि चिन्ह पडते, जसे द'आल्मेडा. सूझा, मेलो, सिल्व्हा ही व्यंजनाने सुरू होणारी आडनावे, तिथे चिन्हाचे कारण नाही. भारतातल्या इंग्रजी लिखाणात मात्र सगळ्यांनाच ते सरसकट लागले. चित्रकार फ्रान्सिस न्यूटन सूझा यांच्या आडनावाला 'डी' नव्हताच. मराठीने आपला वेगळा मार्ग काढला. २०२० च्या जानेवारीत उस्मानाबादला ९३व्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झालेले वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचे आडनाव मराठीत एकसंध, चिन्हाविना लिहिले जाते, आणि त्यातला 'दि' मूळ उच्चाराला 'डी'पेक्षा जवळचा आहे.

इंग्रजी टाइपरायटरवर पोर्तुगीज अक्षरांच्या खुणा नव्हत्या. 'सी'च्या खालची शेपटी गेली. गोन्साल्विस कुटुंबांनी सरळ 'एस' लिहून प्रश्न मिटवला. मेंडोन्सा लिहिणाऱ्या बऱ्याच जणांनी 'सी' ठेवला, म्हणून अनोळखी कारकून त्यांना 'मेंडोंका' अशी हाक मारतो. 'एन' आणि 'एच' ही जोडी मुळात 'ञ'सारखी उच्चारली जाते. 'कुन्या' होते ते इंग्रजी वाचनाने 'कुन्हा' झाले, 'नोरोन्या'चे 'नोरोन्हा' झाले, आणि मराठीने तेच उच्चार उचलले.

यादी लावताना आणखी एक पेच येतो. इंग्रजी हजेरीपट आडनावांप्रमाणे लावला की डिसोजा देसाई, देशमुख, धुरी यांच्या शेजारी 'डी'मध्ये बसतो. लिस्बनमध्ये तो 'एस'मध्ये असता. तिथे 'द' हा शब्द क्रमात धरत नाहीत. म्हणून चांगल्या इंग्रजी सूचीत वास्को द गामा 'जी'मध्ये शोधावा लागतो. त्याच्या नावाच्या गोव्यातल्या शहराला लोक नुसते 'वास्को' म्हणतात, तो प्रश्नच निकाली.

स्पॅनिश नावांत पहिले आडनाव बापाचे, दुसरे आईचे. पोर्तुगीजमध्ये क्रम उलटा, बापाचे शेवटी. इंग्रजी शेवटचा शब्द आडनाव मानते, त्यामुळे पोर्तुगीज नावे तिथे बिनबोभाट बसतात, पण स्पॅनिश लेखक-परंपरेतल्या गॅब्रिएल गार्सिया मार्केस यांना नुसते 'मार्केस' म्हणणे चुकीचे ठरते. त्यांना 'गार्सिया मार्केस' म्हणावे लागते. पोर्तुगीज क्रमाला एक ठळक अपवादही आहे. १९६१ पर्यंत गोवा न सोडणाऱ्या पोर्तुगालच्या हुकूमशहाचे, अंतोनियो द ओलिव्हेरा सालाझारचे, 'ओलिव्हेरा' बापाकडचे आणि 'सालाझार' आईकडचे. जग त्याला ओळखते आईच्या आडनावाने.

पासपोर्टच्या खालच्या यंत्रवाच्य ओळींत आंतरराष्ट्रीय नियमाप्रमाणे 'डी'नंतरचे वरचे चिन्ह गाळून अक्षरे सलग जोडतात. पानावर चिन्हासह छापलेला डिसोजा त्या ओळींत 'डी'ला 'एस' चिकटून येतो. विमान कंपन्यांच्या तिकिटांवरही तो बहुधा असाच छापला जातो, आणि नावात चूक झाली असे समजून प्रवाशाने घाबरण्याचे कारण नसते.