शंभर चिजा, एक आज्ञा

समजा, भिवंडी तालुक्यातील दिघाशी गावच्या मुलांनी गायनाच्या वह्यांतील १०० चिजा संगणकावर उतरवून घेतल्या. आता त्या पाच रेषांच्या पाश्चात्त्य स्वरलिपीत हव्या आहेत. एकेक फाइल उघडून, रूपांतर करून साठवायला ३ मिनिटे धरली, तरी ५ तास जातील!

संगणकाला हेच काम एका लेखी आज्ञेत सांगता येते : ‘या फोल्डरमधील प्रत्येक फाइल घे, तिचे रूपांतर कर आणि दुसऱ्या फोल्डरमध्ये ठेव.’ माउसची गरज नाही. म्युझस्कोर हा स्वरलिपी लिहिण्याचा प्रोग्रॅम त्याला समजणाऱ्या फाइलींचे असे एकगठ्ठा रूपांतर करतो.

पण येथेच सावध राहायला हवे. पंडित विष्णु नारायण भातखंडे (१८६०–१९३६) यांच्या स्वरलिपीत कोमल स्वराखाली आडवी रेघ आणि तीव्र मध्यमावर उभी रेघ असते. संगणकावर या रेघा पुष्कळदा अक्षराचा भाग नसतात, वरून चढवलेला साज असतो. साध्या मजकुरात रूपांतर करताना तो साज गळून पडतो. मग काय होईल? यमनातला तीव्र मध्यम शुद्ध होईल, काफीतले कोमल गंधार-निषादही शुद्ध होतील. भातखंड्यांच्या दहा थाटांचा एकच थाट उरेल, बिलावल! संगणक मात्र चूक झाली असे सांगणार नाही. हाताने काम करताना एखादी चीज चुकते. आज्ञेतली चूक शंभरही चिजांत उतरते.

यावर उपाय काय? खूण ही शोभा न ठेवता माहिती म्हणून लिहायची. संगीताच्या अनेक प्रोग्रॅमना समजणाऱ्या म्युझिक-एक्सएमएल या फाइलप्रकारात तसेच करतात. हार्मोनियमची पांढरी एक हा षड्ज मानला, तर शुद्ध स्वरांपुढे ०, कोमल स्वरापुढे उणे १ आणि तीव्र मध्यमापुढे अधिक १ असा आकडा येतो. आकडा साजासारखा गळून पडत नाही. षड्ज कोणता, हे मात्र आपणच आधी ठरवावे लागते. कारण आपला षड्ज गायकागणिक बदलतो.

आज्ञा देण्यापूर्वी मूळ फाइलींची प्रत काढून ठेवा. आधी एकाच फाइलीवर प्रयोग करा आणि ती चीज गाऊन पाहा. मग शंभरांचे काम सोपवा. शेवटी कोमल व तीव्र स्वर रूपांतरापूर्वी आणि नंतर मोजा. दोन्ही संख्या जुळल्या नाहीत, तर काहीतरी हरवले आहे हे नक्की.

आता वहीत भैरवाचे स्वर लिहा आणि कोमल स्वरांच्या रेघा पुसून गाऊन पाहा. भैरव उरला का?