तुमचं एक क्लिक, भिवंडीची एक शिफ्ट

स्निकर्सपासून शाम्पूपर्यंत सगळं घरपोच हवं असलेल्या आपल्या पिढीनं एक नवी नोकरी जन्माला घातली आहे. गोदामातली! राज्याला तिच्याकडून मोठ्या आशा आहेत. पण ही नोकरी माणसाला नेते कुठे?

लंच अवरमध्ये ऑर्डर केलेले शूज दुसऱ्या दिवशी सकाळी रिसेप्शनवर हजर! आपण खोका फोडतो, साइज बघतो, नाही आवडले तर रिटर्नचं बटण दाबतो आणि मीटिंगला पळतो. हे शूज रात्रभर कुठे होते, कोणाच्या हातात होते, हा विचार करायला वेळ कोणाला आहे? तुम्ही मुंबई-ठाण्यात राहत असाल तर उत्तर बहुतेक वेळा एकच असतं. भिवंडी.

ठाण्याहून बाळकुम, कशेळी, काल्हेर असं करत मी अंजूरफाट्याच्या रस्त्याला लागले. डोक्यावर मेट्रो ५चे खांब, दोन्ही बाजूंना कंटेनर, आणि मध्ये जीव मुठीत धरून चाललेली माझी रिक्षा. राहनाळ, पूर्णा, दापोडे, माणकोली, वळ... गावांची नावं बदलतात, दृश्य तेच. कंपाउंडच्या आत कंपाउंड, गाळ्याला लागून गाळा. आणि मध्येच एखादं भाताचं खाचर, चुकून राहून गेल्यासारखं.

जकातीनं वाढवलेलं बाळ

ही गोदामं इथंच का आली? उत्तर ऐकाल तर थक्क व्हाल. टॅक्स वाचवायला! मुंबई, ठाणे, कल्याण या शहरांत माल आणला की महापालिका जकात घ्यायची. पण भिवंडीच्या आजूबाजूला होत्या ग्रामपंचायती. तिथं जकात नाही. मग व्यापाऱ्यांनी सोपा हिशेब केला. माल इथं ठेवायचा, लागेल तेवढाच शहरात न्यायचा आणि तेवढ्याचीच जकात भरायची. त्यात जमीन स्वस्त, नाशिक हायवे दारात आणि न्हावा-शेवा बंदर काही तासांवर.

१ जुलै २०१७ला जीएसटी आला आणि मुंबईची जकात गेली. म्हणजे भिवंडीचं दुकान बंद व्हायला हवं होतं. झालं उलटंच! पूर्वी दुसऱ्या राज्यात माल विकला की केंद्रीय विक्रीकर लागायचा. तो टाळायला कंपन्या प्रत्येक राज्यात आपलं छोटं गोदाम ठेवायच्या. जीएसटीनंतर ती गरज संपली. दहा छोट्या गोदामांऐवजी एक अवाढव्य शेड परवडू लागली. त्याच वर्षी केंद्रानं लॉजिस्टिक्स क्षेत्राला पायाभूत सुविधांचा दर्जा दिला, त्यामुळे कर्ज मिळणं सोपं झालं. वर ऑनलाइन शॉपिंगची लाट. जून २०२५मध्ये समृद्धी महामार्गाचा शेवटचा टप्पा खुला झाला. नागपूरहून निघणारा हा ७०१ किलोमीटरचा रस्ता संपतो कुठे? भिवंडी तालुक्यातल्या आमण्याला!

ज्यांची जमीन होती त्यांचे दिवस पालटले. एका आगरी काकांशी गप्पा झाल्या. एका पिकाच्या भातावर घर चालायचं तिथं आता गाळ्यांचं भाडं येतं. एक मुलगा पाण्याचे टँकर चालवतो, दुसरा गोदामांना माणसं पुरवतो. शेती करायला मात्र घरात कोणी नाही, हे सांगताना काका हसले, पण लगेच विषयही बदलला.

बंदूक हातात, घड्याळ डोक्यावर

आत गेल्यावर पहिल्यांदा मान वर जाते. चार-पाच मजली घराएवढे उंच रॅक, त्यांच्या मधून गल्ल्या. प्रत्येक खणाला बारकोड. गंमत म्हणजे इथं टूथपेस्टशेजारी टूथपेस्टच असेल असं नाही. तिच्याशेजारी मोबाइल कव्हर आणि त्यापुढे योगा मॅटही असू शकते. कोणती वस्तू कुठे आहे हे माणसानं लक्षात ठेवायचं नसतंच, ते कॉम्प्युटरला माहीत असतं. पिकरच्या हातातली स्कॅनरची गन सांगते, अमुक गल्ली, तमुक खण. तो जातो, उचलतो, स्कॅन करतो, पुढे. मग पॅकर खोक्यात भरतो, सॉर्टिंगवाले पिनकोडनुसार वेगळं करतात आणि गाडी निघते.

म्हणूनच इथं माणूस दोन-तीन दिवसांत तयार होतो. अनुभव लागत नाही, इंग्रजी फाडफाड यावं लागत नाही, ओळखही लागत नाही. बारावी झालेल्या, गावात काम नसलेल्या मुलाला ही केवढी मोठी गोष्ट आहे! आणि मुलींनाही. २०१७च्या राज्याच्या दुकाने व आस्थापना कायद्यानुसार महिलेची संमती, सुरक्षितता आणि ने-आण यांची सोय असेल तर रात्रपाळी चालते. स्कॅनर हातात घेऊन झपझप चालणाऱ्या मुली मी पाहिल्या. त्यांच्यातल्या कित्येकींची ही पहिली कमाई, पहिलं बँक खातं.

पण जे काम दोन दिवसांत शिकता येतं, त्यासाठी दोन दिवसांत दुसरा माणूसही आणता येतो. गन प्रत्येक मिनिटाचा हिशेब ठेवते. तासाला किती वस्तू उचलल्या, मध्ये किती वेळ हात थांबला, सगळं. जून २०२४मध्ये हरियाणातल्या मानेसरच्या एका गोदामातली बातमी गाजली होती. टार्गेट पूर्ण होईपर्यंत पाणी प्यायला किंवा टॉयलेटला जाणार नाही अशी शपथ कामगारांना घ्यायला लावल्याची. राष्ट्रीय मानवाधिकार आयोगानं स्वतःहून तिची दखल घेतली होती.

गळ्यात एक नाव, पगाराला दुसरं

मराठवाड्यातून आलेली एक पिकर मला चहाच्या टपरीवर भेटली. तीन वर्षं ती त्याच शेडमध्ये, त्याच गल्ल्यांमधून चालते आहे. गळ्यातल्या आयकार्डावर बड्या कंपनीचं नाव. पगार मात्र ठेकेदाराकडून. आणि ठेकेदार या काळात दोनदा बदलले. प्रत्येक वेळी नवा फॉर्म, नवं जॉइनिंग. कागदावर ती दर वेळी फ्रेशर! पगार वेळेवर येतो, पीएफही कापला जातो, तक्रार म्हणून तिनं काही सांगितलं नाही. पुढे काय होणार, असं विचारलं तेव्हा मात्र ती गोंधळली. सुपरवायझर? तिथं शंभर पिकरमागे एखादीच जागा.

आपल्या ऑफिसात दोन वर्षं प्रमोशन नाही मिळालं तर आपण रेझ्युमे अपडेट करायला घेतो. तिच्या रेझ्युमेत लिहायचं काय?

इथंच मला या सगळ्या गोष्टीतली खरी मेख दिसते. राज्यात नोकऱ्यांचं रूप किती वेळा बदललंय बघा. जानेवारी १९८२मध्ये गिरणी संप सुरू झाला आणि सुमारे अडीच लाख कामगारांच्या मुंबईचा कणा मोडला. कापडाचं काम भिवंडीसारख्या ठिकाणच्या यंत्रमागांवर गेलं. गिरणीत निदान कायम नोकरी होती, माग चालवणाऱ्याला तीही नाही. आता मागांचा खडखडाट उतरणीला लागलाय आणि त्याच तालुक्यात रॅक उभे राहतायत. दुसरीकडे २०११च्या जनगणनेनुसार राज्यातले निम्म्याहून जास्त काम करणारे हात शेतीवर होते. त्यांना शेतीबाहेर काम हवंय. गोदाम ते देतं, यात शंकाच नाही. प्रश्न एवढाच, की ते काम पहिली पायरी आहे की शेवटची?

हमालाला जे मिळालं होतं...

वाटेल, ओझं उचलण्याच्या कामात कसली आलीय सिक्युरिटी! पण याच महाराष्ट्रानं ती देऊन दाखवली आहे. पाठीवर पोती वाहणाऱ्या माणसाला ना ठरलेला मालक, ना रजा, ना म्हातारपणाची सोय. अण्णासाहेब पाटलांनी या माणसांची संघटना बांधली आणि १९६९मध्ये माथाडी कायदा झाला. कल्पना एकदम स्मार्ट! मालक रोज बदलतो ना, बदलू दे. कामगाराची नोंद मालकाकडे नाही, मंडळाकडे. मालक, कामगार आणि सरकार तिघांचे प्रतिनिधी असलेलं हे मंडळ. मालकानं मजुरी आणि वर ठरावीक लेव्ही मंडळात भरायची. त्यातून पीएफ, ग्रॅच्युइटी, बोनस, औषधपाणी.

सातारा-सांगलीकडून डोक्याला फेटा गुंडाळून आलेल्या कितीतरी माथाड्यांची मुलं त्यामुळे शिकली. कोपरखैरणे, घणसोलीत त्यांची घरं झाली. हा लेख वाचणाऱ्यांपैकी काही जण त्याच घरांतले असतील!

कायदा धुतल्या तांदळासारखा राहिला असं नाही. माथाडीच्या नावाखाली खंडणी उकळणारे निघाले, उद्योजक त्यावर वैतागलेत आणि त्यांचं चुकतं असंही नाही. पण मूळ विचार आजही तितकाच ताजा वाटतो. ठेकेदार कितीही बदलोत, कामगाराची वर्षं वाया जायला नकोत. ट्रकमधून माल उतरवणारा माथाडी या छत्रीखाली येतो. त्याच शेडमध्ये दिवसभर चालणारे पिकर-पॅकर मात्र सहसा बाहेरच राहतात.

पाच लाख नोकऱ्या, पण कशा?

ऑगस्ट २०२४मध्ये राज्य मंत्रिमंडळानं लॉजिस्टिक्स धोरण मंजूर केलं. पनवेलजवळ आंतरराष्ट्रीय हब, नागपूर-वर्ध्याकडे राष्ट्रीय हब, आणि साधारण पाच लाख रोजगारांचं उद्दिष्ट. सप्टेंबर २०२५मध्ये दुकाने व आस्थापनांमधली रोजच्या कामाची मर्यादा नऊ तासांवरून दहावर न्यायलाही मंत्रिमंडळानं मंजुरी दिली.

आकडा मोठा आहे आणि तो पूर्ण व्हावा असंच मला मनापासून वाटतं. पण गोदाम बांधणाऱ्याला सवलत देताना दोन साध्या अटी घालायला काय हरकत आहे? एक, ठेकेदार बदलला तरी कामगाराची सेवा मोजली जावी. दोन, फोर्कलिफ्ट, स्टॉक कंट्रोल, मशिन दुरुस्ती असं काही शिकवून सर्टिफिकेट मिळावं. कारण पुढे रोबोट आले तर ते आधी चालण्याचं आणि उचलण्याचं काम घेणार.

आणि छप्पर? एप्रिल २०२३मध्ये वळपाड्यात खाली गोदाम आणि वर राहती घरं असलेली इमारत कोसळून आठ जणांचा बळी गेला. चकाचक ग्रेड-ए शेडच्या शेजारी असे जुने गाळे अजून आहेत, आणि माणसं तिथंही काम करतात.

चौकट: गावाकडून फोन आला तर...

'दादा, भिवंडीत गोदामात लागतोय, जाऊ का?' असा चुलतभावाचा फोन कधी ना कधी येणारच. 'जा रे बिनधास्त' म्हणण्याआधी त्याला हे विचारायला सांगा.

• नेमणूकपत्र कोण देणार, कंपनी की ठेकेदार? नोव्हेंबर २०२५मध्ये लागू झालेल्या नव्या कामगार संहितांनुसार नेमणूकपत्र देणं बंधनकारक आहे.

• पीएफचा यूएएन नंबर एकच असतो. ठेकेदार बदलला की नवा काढू द्यायचा नाही, जुनाच द्यायचा.

• पगार २१ हजारांपर्यंत असेल तर ईएसआय लागू होतो का, आणि त्याचं कार्ड मिळणार का?

• नेमणूक 'फिक्स्ड टर्म' आहे का? असेल तर नव्या संहितेनुसार एका वर्षानंतर ग्रॅच्युइटीचा हक्क मिळतो. पूर्वी पाच वर्षं थांबावं लागायचं.

• रात्रपाळीला बस कुठून कुठपर्यंत? 'नाक्यापर्यंत' हे उत्तर मुलीच्या बाबतीत चालवून घेऊ नका.

• आणि शेवटचा, सगळ्यात अवघड प्रश्न. 'दोन वर्षांनी मी इथं काय झालेलो असेन?' याचं उत्तर देणारा मालक भेटला, तर खुशाल बॅग भर म्हणा!