हृदयस्पंदन परतल्यानंतरचे सूक्ष्मरक्ताभिसरण

हृदयक्रिया बंद पडलेल्या रुग्णाची नाडी प्रयत्नांती परत लागते, रक्तदाब मोजता येतो, नातेवाइकांना धीर दिला जातो. आणि तरीही रुग्ण शुद्धीवर येत नाही. अतिदक्षता विभागातील या अनुभवाचे स्पष्टीकरण हृदयापेक्षा केशवाहिन्यांत अधिक सापडते.

बाह्य छातीदाबाची पद्धती १९६० मध्ये कौवेनहोवेन, ज्यूड व निकरबॉकर यांनी प्रसिद्ध केली. त्यानंतर हृदय पुन्हा सुरू करणे शक्य झाले, परंतु त्याबरोबरच एक नवा विकारही उजेडात आला. रशियन शास्त्रज्ञ नेगोव्हस्की यांनी १९७२ मध्ये त्याला 'पुनरुज्जीवनोत्तर आजार' असे संबोधले. तत्पूर्वी १९६८ मध्ये एम्स व त्यांच्या सहकाऱ्यांनी सशांच्या मेंदूचा रक्तपुरवठा काही काळ रोखला व नंतर काजळीमिश्रित द्रव सोडला. मोठ्या वाहिन्या मोकळ्या असूनही मेंदूचे काही भाग पांढरेच राहिले. रक्तप्रवाह जितका अधिक काळ थांबलेला, तितके हे भाग विस्तृत. यालाच 'नो-रिफ्लो' म्हणजे पुनःप्रवाहाभाव असे नाव मिळाले.

असे का घडते? लाल रक्तपेशीचा व्यास ७ ते ८ मायक्रोमीटर असतो आणि अनेक केशवाहिन्या त्याहूनही अरुंद असतात. पेशी वाकून, आकार बदलूनच पुढे सरकते. प्राणवायू बंद होताच पेशीपटलावरील आयनपंप थांबतात, वाहिनीचे अंतःस्तर सुजते, भोवतालच्या आधारपेशीही फुगून वाहिनीस बाहेरून दाबतात. थांबलेले रक्त दाट होते, सूक्ष्म गुठळ्या धरतात, श्वेतपेशी भिंतीस चिकटतात. अंतःस्तरावरील शर्करायुक्त संरक्षक थर गळून पडतो. याखेरीज केशवाहिनीस वेढणाऱ्या पेरिसाइट पेशी आकुंचन पावतात व त्याच अवस्थेत मृत होतात, असे २०१४ मधील संशोधनाने दाखविले. म्हणजे मूठ आवळलेली राहते, ती सोडणारे कोणी उरत नाही. हृदय सुरू झाल्यावर मेंदूत प्रथम अल्पकाळ जादा रक्त धावते आणि मग कित्येक तास ते अपुरे पडते. दंडावर मोजलेला रक्तदाब यांपैकी काहीच सांगत नाही.

उपचारांचा इतिहास मात्र फारसा उत्साहवर्धक नाही. गुठळ्या विरघळविणारे टेनेक्टेप्लेज २००८ च्या मोठ्या चाचणीत निष्प्रभ ठरले. शरीर ३३ अंशांपर्यंत थंड करण्याचा लाभ २००२ मध्ये दिसला होता. २०२१ च्या १९०० रुग्णांच्या चाचणीत तो दिसला नाही, ताप टाळणे एवढेच तिच्यातून हाती लागले. रक्तदाब ६३ ऐवजी ७७ मिलिमीटर राखण्यानेही फरक पडला नाही, असे २०२२ मध्ये डेन्मार्कमध्ये आढळले. ॲड्रेनलिनची गोष्ट तर विचारात पाडणारी आहे. ब्रिटनमधील २०१८ च्या चाचणीत ३० दिवसांनी जिवंत असणाऱ्यांचे प्रमाण त्याने २.४ वरून ३.२ टक्क्यांवर नेले. परंतु वाचलेल्यांपैकी तीव्र मेंदूविकलता राहिलेल्यांचे प्रमाण १७.८ ऐवजी ३१ टक्के होते. मोठ्या वाहिन्यांतील दाब वाढविणारे औषध सूक्ष्म वाहिन्याही आवळते, हे त्याचे एक संभाव्य कारण मानले जाते.

तेव्हा केशवाहिन्या मोकळ्या करण्यापेक्षा त्या बंदच होऊ न देणे अधिक साध्य दिसते, आणि तो काळ रुग्णालयाबाहेरचा असतो. सोलापुरात १९६३ पासून डॉ. वैशंपायन स्मृती वैद्यकीय महाविद्यालय आहे, १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका राज्यात २०१४ पासून धावते. परंतु करमाळ्याचा रस्ता शंभर किलोमीटरहून लांब आहे आणि अक्कलकोटही चाळीसच्या आसपास. आषाढीच्या गर्दीत पंढरपुरात तर काही मीटरही दूर वाटतात. या मिनिटांत रुग्णाजवळ असतो तो सहप्रवासी, शेजारी, किंवा वर्गातील प्राध्यापक. बेशुद्ध व्यक्ती अधूनमधून आचके देत असेल तर 'श्वास चालू आहे' असा समज होतो व छातीदाब लांबतो. वस्तुतः ते आचके हृदय थांबल्याचेच लक्षण असू शकतात. मिनिटास १०० ते १२० वेळा, सुमारे ५ सेंटिमीटर खोल दिलेला दाब नेहमीच्या रक्तप्रवाहाचा केवळ काही अंश पुरवितो. परंतु तेवढ्या प्रवाहानेही रक्त साकळण्यास व अंतःस्तर सुजण्यास विलंब होतो, आणि नंतर हृदय सुरू झाले तर त्याने ढकललेल्या रक्ताला मेंदूत शिरण्यास वाट शिल्लक असते.