संदेश-मध्यस्थाचा आवृत्तिबदल : तत्त्व आणि व्यवहार

एका संगणक-प्रणालीने दिलेला संदेश स्वीकारावयाचा, तो रांगेत सांभाळावयाचा आणि दुसऱ्या प्रणालीला सवड होताच तिच्या हाती द्यावयाचा, हे कार्य करणारी व्यवस्था म्हणजे मेसेज ब्रोकर, अर्थात संदेश-मध्यस्थ होय. प्रेषक आणि ग्राहक यांची प्रत्यक्ष गाठ पडण्याची आवश्यकता नसणे, हे तिचे मर्म आहे. टपालघराशी असलेले तिचे साम्य उघड आहे; टपालघराची दुरुस्ती चालू असतानाही टपाल थांबता कामा नये, ही अडचणही तीच. ही व्यवस्था क्लाउडवर चालत असेल, तर यंत्रे सेवादात्याची आणि संदेश मात्र वापरकर्त्याचे, अशी विभागणी होते. अशा वेळी मध्यस्थाची आवृत्ती बदलण्यात जोखीम नेमकी कोठे असते, याचे विवेचन रॅबिटएमक्यू या मध्यस्थाच्या आधारे येथे करावयाचे आहे.

रॅबिटएमक्यू २००७ साली प्रसिद्ध झाला. तो एरलँग या भाषेत लिहिलेला असून ही भाषा एरिक्सन या स्वीडिश कंपनीत दूरध्वनी-यंत्रणेसाठी घडविली गेली. त्यामुळे रॅबिटएमक्यूची प्रत्येक आवृत्ती एरलँगच्या ठराविक आवृत्त्यांवरच चालते, आणि एकीचा बदल करताना दुसरीचा विचार करावाच लागतो. आवृत्तीचा क्रमांक तीन अंकांचा असतो. उदाहरणार्थ, ३.१३.७ यातील शेवटचा अंक किरकोळ दुरुस्तीचा, मधला नव्या सोयींचा व पहिला मूलभूत स्थित्यंतराचा द्योतक होय. अ‍ॅमेझॉन एमक्यूसारख्या सेवेत आठवड्यातून दोन तासांचा देखभालीचा काळ वापरकर्त्याने नेमून द्यावयाचा असतो. एकदा चढविलेली आवृत्ती तेथे पुन्हा उतरविता येत नाही. म्हणून परीक्षा आधी घ्यावी लागते. नंतर घेण्याला अर्थ नाही.

मध्यस्थ एकाच नोडवर असेल, तर बदलाच्या वेळी तो काही काळ बंद राहणे अटळ आहे. तीन नोडांच्या क्लस्टरमध्ये मात्र एकेक नोड क्रमाने बदलता येतो. ज्या नोडची पाळी आली असेल त्याची जोडणी प्रथम तोडली जाते, त्याच्याकडील रांगांचे नेतृत्व इतरांकडे सोपविले जाते आणि मगच तो थांबविला जातो. क्वोरम रांग ही बहुमताच्या तत्त्वावर चालते. तीनपैकी दोन प्रती जाग्या असल्या म्हणजे तिचे काम चालू राहते. परंतु एक नोड बदलत असताना दुसरा अकस्मात बंद पडला, तर बहुमत नाहीसे होऊन रांग थांबते. सबब मागील नोड पूर्ववत झाल्याची खात्री केल्यावाचून पुढील नोडला हात लावू नये.

या संक्रमणकाळात क्लस्टरमध्ये जुन्या व नव्या आवृत्त्यांचे नोड एकत्र नांदतात. दोन पिढ्यांच्या संभाषणात तरुण पिढी वृद्धांना कळेल तेवढीच शब्दसंपत्ती वापरते, तसाच काहीसा प्रकार येथे घडतो. २०१९ साली ३.८ या आवृत्तीत आलेली फीचर फ्लॅगची योजना याचसाठी आहे. नवी वैशिष्ट्ये सर्व नोडांना अवगत होईपर्यंत ती मिटलेली ठेवावयाची आणि मग स्वतंत्रपणे उघडावयाची. एकदा उघडलेला फ्लॅग पुन्हा मिटविता येत नाही. पुष्कळ ठिकाणी हे उघडण्याचे काम विसरले जाते आणि त्याचे प्रायश्चित्त पुढील बदलाच्या वेळी घ्यावे लागते. कारण पूर्वी ऐच्छिक असलेले फ्लॅग नवी आवृत्ती कालांतराने अनिवार्य मानते, आणि ते उघडलेले नसल्यास नोड सुरू होण्यासच नकार देतो. आवृत्त्या ओलांडून उडी मारण्यासही मर्यादा आहे. ४.० कडे केवळ ३.१३ वरूनच जाता येते.

तथापि नोडने दिलेला नकार हा धोक्याचा सौम्य प्रकार होय. तो निदान दिसतो. खरा धोका बोलत नाही. ४.० ही आवृत्ती २०२४ साली प्रसिद्ध झाली, त्या वेळी क्लासिक रांगांच्या प्रती अनेक नोडांवर ठेवण्याची जुनी पद्धत काढून टाकण्यात आली. तसा नियम पूर्वी लिहून ठेवलेला असला, तरी त्याचा काही परिणाम होत नाही. बदल यशस्वी होतो, रांगा चालू राहतात, संदेश वाहतात. परंतु प्रत्येक रांगेची प्रत एकच उरते. ते नोड गमावले की त्यातील संदेशही गेले. रांगेचा प्रकार जागच्या जागी बदलता येत नसल्याने, नवी क्वोरम रांग घडवून संदेश तिकडे वळविण्याचे काम आधीच उरकावे लागते.

दुसरे उदाहरण याहून सूक्ष्म आहे. ४.० पासून क्वोरम रांगेतील संदेश किती वेळा पुन्हा द्यावयाचा याची मर्यादा आपोआप २० ठरते. ग्राहकाकडून वारंवार परत येणारा संदेश पूर्वी रांगेतच राहात असे; आता मर्यादा ओलांडताच तो, वेगळी सोय केलेली नसल्यास, टाकून दिला जातो. आज्ञा तीच राहते, तिचा अर्थ तेवढा बदलतो.

यावरून सेवादाता आणि वापरकर्ता यांच्या जबाबदारीची सीमारेषा स्पष्ट होते. नोड बदलणे, चालू करणे, जोडणे हे सेवादात्याचे काम. संदेशांची शाश्वती ही वापरकर्त्याची चिंता. संदेश पोचल्याची पोच प्रेषकाने मागावी. काम पुरे झाल्यावरच ग्राहकाने पोच द्यावी. जोडणी तुटल्यास ती आपोआप पुन्हा जुळावी. आणि एकच संदेश दोनदा आल्यास अनर्थ होऊ नये, अशी ग्राहक-प्रणालीची रचना असावी. जेथे एवढीही जोखीम पत्करता येत नाही, तेथे नव्या आवृत्तीचे निराळे क्लस्टर उभारावे, प्रेषक तिकडे वळवावेत, जुन्या रांगा रिकाम्या होऊ द्याव्यात आणि नंतरच जुने क्लस्टर बंद करावे. हा मार्ग खर्चाचा आहे. परंतु जुने क्लस्टर जिवंत असेपर्यंत परतीची वाट त्यात मोकळी राहते.

सारांश, आवृत्तिबदल हे केवळ जुन्या प्रोग्रामच्या जागी नवा बसविण्याचे काम नव्हे. प्रेषक, मध्यस्थ आणि ग्राहक यांच्यात पूर्वी ठरलेल्या संकेतांपैकी कोणते टिकले, कोणते लोपले आणि कोणते अर्थांतर पावले, याची ती फेरतपासणी असते. ती ज्याने आधी केली, त्याला देखभालीचे दोन तास पुरतात.