ओहोटीचे वेळापत्रक आणि पदवीचे शेवटचे वर्ष

पदवीच्या शेवटच्या वर्षाला जीवशास्त्र घेऊन बसलेल्या विद्यार्थ्याला एक साधा प्रश्न विचारून पाहावा : तू आजवर स्वतः काय मोजले आहेस? रसायनशास्त्राचा विद्यार्थी टायट्रेशनची रीडिंग्ज सांगेल, भौतिकशास्त्राचा लंबकाचा आवर्तकाल सांगेल. प्राणिशास्त्राचा विद्यार्थी मात्र बहुधा नावे सांगू लागेल : संघ, वर्ग, गण, कुल. नावे यायलाच हवीत, त्याविषयी वाद नाही. पण नाव कळले की अभ्यास सुरू होतो, आणि आपल्याकडे पुष्कळदा तो तिथेच संपतो.

प्रात्यक्षिकांच्या बाबतीत तर मधल्या काळात एक मोठी पोकळी निर्माण झाली आहे. झुरळ, बेडूक, उंदीर, स्कोलिओडॉन हा लहान शार्क मासा यांचे विच्छेदन म्हणजे प्राणिशास्त्र, असे समीकरण कित्येक पिढ्या चालत आले. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०११ मध्ये विच्छेदन टप्प्याटप्प्याने कमी करण्यास सांगितले आणि ऑगस्ट २०१४ मध्ये पदवी व पदव्युत्तर वर्गांतून ते बंदच केले. (पालघर जिल्हा ठाण्यापासून वेगळा झाला तोही याच महिन्यात, हा निव्वळ योगायोग.) बंदी योग्यच होती. हजारो बेडूक दरवर्षी एकच आकृती काढण्यासाठी मारण्याचे समर्थन करता येत नाही. मात्र मोकळे झालेले तास आपण कशाने भरले? बऱ्याच ठिकाणी तक्त्यांनी आणि संगणकाच्या पडद्याने. विच्छेदनात हाताला, डोळ्यांना आणि चिकाटीला जे वळण लागत असे ते तक्त्यातून लागत नाही.

आता नव्या शैक्षणिक धोरणानुसार संलग्न महाविद्यालयांत २०२४-२५ पासून नवी रचना आली आहे. तीत क्षेत्रप्रकल्पाला गुण आहेत, आणि चौथे वर्ष करणाऱ्याला संशोधनासह ऑनर्सची वाटही आहे. तेव्हा प्रकल्प कशावर करावा, हा प्रश्न यापुढे प्रत्येक विभागाला पडणार. पालघर-बोईसर परिसरातल्या शिक्षकांपुरते त्याचे एक उत्तर हाताशीच आहे : केळव्याचा किनारा. सुरूचे बन, पुढे रुंद सपाट पुळण, खाडीच्या बाजूला चिखल आणि तिवरे, पाण्याच्या कडेला जुन्या कोटाचे दगड. वाळू, चिखल आणि खडक असे तीन वेगळे अधिवास एका सकाळी पायी पाहता येतील, अशी जागा सर्वांच्या वाट्याला येत नाही.

पण तिथे जायचे केव्हा? इथे महाविद्यालयाचे वेळापत्रक आणि समुद्राचे वेळापत्रक यांची गाठ पडत नाही.

किनाऱ्यावरच्या जुन्या माणसांचा आडाखा असा : तिथीला पाऊणने गुणावे, येईल तितक्या वाजता भरती पूर्ण. अष्टमीला आठ पाऊणे सहा, म्हणजे सकाळ-संध्याकाळ सहाच्या सुमारास भरती. ओहोटी त्यानंतर सव्वासहा तासांनी, म्हणजे बाराच्या सुमारास. या आडाख्याची फोड वर्गात करून घेण्यासारखी आहे. अमावास्येपासून पौर्णिमेपर्यंतच्या पंधरा तिथींत भरतीची वेळ बारा तासांनी पुढे सरकते, म्हणजे तिथीमागे ४८ मिनिटे. पाऊण तास म्हणजे ४५. तीन मिनिटांची ही चूक साचत साचत पौर्णिमेला पाऊण तासाची होते. आडाखा सव्वाअकरा सांगतो आणि भरती प्रत्यक्षात बाराच्या आसपास येते. पुढच्या प्रतिपदेला मोजणी पुन्हा एकपासून सुरू झाली की हिशेब आपोआप जुळतो. अदमास म्हणून हे उत्तम. नेमक्या वेळेसाठी भारतीय सर्वेक्षण विभागाची कोष्टके पाहावीत, कारण एका दिवसाच्या दोन ओहोट्याही सारख्या नसतात.

आता प्रात्यक्षिकाची वेळ अकरा ते दोन धरा. दुपारी बाराला ओहोटी असते ती अष्टमीच्या आसपास, म्हणजे नेमकी भांगाच्या दिवसांत, जेव्हा पाणी फारसे मागे हटतच नाही. उधाणाच्या दिवसांत, जेव्हा पुळण दूरवर उघडी पडते, तेव्हा दुपारी बाराला लाटा सुरूच्या दिशेने चढत असतात. म्हणजे नेहमीच्या तासाला विद्यार्थी किनाऱ्यावर नेले, तर ते वर्षभरात एकदाही समुद्राचा खालचा पट्टा पाहणार नाहीत! सोयीच्या तिथी म्हणजे द्वितीया-तृतीया. उधाणाचा जोर अमावास्या-पौर्णिमेनंतर एक-दोन दिवसांनी सर्वांत जास्त असतो, आणि ओहोटी सकाळी सात ते साडेआठच्या दरम्यान येते. त्या दोन दिवसांचे तास बदलून मिळावेत, एवढी एक मागणी प्राचार्यांकडे करावी लागेल. पाणी वळू लागले की मात्र परत फिरायचे, हा नियम कडक हवा. मुंबईत उधाणाला पाण्याच्या पातळीतला फरक पाच मीटरच्या जवळ जातो, आणि खंबायतच्या आखाताकडे जावे तसा तो वाढत जातो. सपाट पुळणीवर पाणी चालत येत नाही, धावत येते.

किनाऱ्यावर गेल्यावर बाटल्या भरून नमुने आणण्याचा मोह टाळावा. समुद्री घोडे, पुष्कळ प्रवाळ आणि समुद्रकाकड्या यांना २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायद्याचे संरक्षण आहे. शिवाय फॉर्मॅलिनमध्ये पांढरा पडलेला खेकडा नावाखेरीज काही सांगत नाही. जिवंत खेकड्याची बिळे पुष्कळ सांगतात.

ऑसिपोड हा दांड्यांवर डोळे असलेला, वाळूवरून तिरका धावणारा खेकडा. त्याची बिळे पुळणीच्या वरच्या भागात असतात. त्याच्या खाली साबुदाण्याएवढ्या वाळूच्या गोळ्यांची नक्षी दिसते. ती छोट्या खेकड्यांची. ते वाळू तोंडात घेतात, तिच्यातले खाद्यकण काढून घेतात आणि उरलेली गोळी बाजूला ठेवतात. खाडीच्या चिखलात एकच नांगी मोठी असलेले फिडलर नर आणि निवट्या. (जुन्या पुस्तकांतल्या फिडलरच्या ‘युका’ या प्रजातीची २०१६ मध्ये फोड झाली, आपल्याकडचा युका अ‍ॅन्युलिपिस आता ऑस्ट्रुका अ‍ॅन्युलिपिस झाला आहे. नावेही बदलतात ती अशी.)

साधने स्वस्त आहेत. एक मीटर बाजूची बांबूची चौकट, सुतळी, मोजपट्टी. भरतीरेषेपासून पाण्यापर्यंत सुतळी ताणायची आणि ठरावीक अंतरावर चौकट टाकून आतली बिळे मोजायची. चौकट टाकण्याची जागा आधी ठरलेली हवी. ‘इथे बिळे दिसतात, इथेच टाकू’ असे झाले की मोजणी फुकट गेली.

समजा, दोन पट्ट्यांत प्रत्येकी दहा चौकटी टाकल्या. पहिल्यात आकडे आले : ४, ५, ३, ४, ४, ३, ५, ४, ४, ४. दुसऱ्यात : ०, ०, १२, १, ०, १४, ०, ११, २, ०. बेरीज दोन्हीकडे ४०, सरासरी दोन्हीकडे ४. फक्त सरासरी लिहिणारा विद्यार्थी म्हणेल, फरक नाही. आता प्रत्येक आकड्यातून सरासरी वजा करून येणाऱ्या फरकांचे वर्ग करा, त्यांची बेरीज करा आणि तिला नऊने भागा. हे झाले प्रचरण. पहिल्या पट्ट्यात ते ०.४४ येते, दुसऱ्यात ३४. याला सरासरीने भागले की ०.११ आणि ८.५. बिळे कशीही यदृच्छेने विखुरली असती तर हे गुणोत्तर एकच्या आसपास आले असते. एकाहून पुष्कळ कमी म्हणजे खेकडे एकमेकांपासून अंतर राखून आहेत. पुष्कळ जास्त म्हणजे ते घोळक्याने आहेत. आता ‘का?’ हा प्रश्न विद्यार्थ्याच्या स्वतःच्या वहीतून उभा राहतो. ओलाव्यामुळे? खाद्यामुळे? पायदळी तुडवले गेल्यामुळे?

शेवटचे कारण केळव्याला तपासता येते. रविवारी गर्दीचा भाग आणि कोणी फारसे फिरकत नाही असा भाग, यांची तुलना करावी, शक्यतो सुट्टीच्या आधी आणि नंतर. जगभर अनेक पुळणींवर माणसांची व वाहनांची वर्दळ जोखण्यासाठी ऑसिपोडची बिळे मोजली जातात. पण दोन्ही भागांत चौकटी भरतीरेषेपासून सारख्याच अंतरावर हव्यात, नाहीतर वर्दळीचा फरक आणि उंचीचा फरक यांची गल्लत होते. उलट उत्तर आले तरी घाबरू नये. गर्दीमागे उरलेले खाद्यपदार्थ खेकड्यांना आकर्षितही करतात.

दगडांवर बार्नेकल आढळले, तर जोसेफ कॉनेल यांचा स्कॉटलंडमधला प्रयोग सांगावा. बार्नेकलच्या दोन जातींपैकी एक नेहमी वर आणि दुसरी खाली असते. त्यांनी खालची जात खरवडून काढली, तेव्हा वरची जात खालीही मजेत जगली. तिला वर ठेवणारे कारण पाणी नव्हते, शेजारी होता. १९६१ मध्ये प्रसिद्ध झालेले हे काम त्यांनी संशोधक विद्यार्थी असतानाच सुरू केले होते.

एवढ्या खटाटोपाचा उपयोग काय, असे पालक विचारतील. केळव्याच्या उत्तरेला तारापूर आहे. तिथल्या औद्योगिक वसाहतीच्या सांडपाण्याविरुद्ध अखिल भारतीय मांगेला समाज परिषद राष्ट्रीय हरित लवादाकडे गेली आणि जानेवारी २०२२ मध्ये लवादाने भरपाईचा आदेश दिला. त्याच्याही उत्तरेला डहाणूजवळ वाढवण बंदराची पायाभरणी ३० ऑगस्ट २०२४ रोजी झाली. या टापूतला किनारा येत्या वीस वर्षांत बदलणार की नाही, याविषयी दोन्ही बाजूंनी ठाम बोलले जाते. बदल झाला असे दाखवायचे तर आधी काय होते याची नोंद लागते, आणि झाला नाही असे दाखवायलाही तीच लागते. अशी नोंद दरवर्षी करू शकेल असा माणूसबळाचा साठा जवळच्या महाविद्यालयांच्या शेवटच्या वर्गात बसलेला असतो. पण सबमिशन झाले, सही मिळाली, की ती जर्नले रद्दीत जातात.

म्हणून जर्नलाचे पहिले पान काळजीने भरावे : तारीख, तिथी, ओहोटीची वेळ, मोजणी सुरू व बंद केल्याची वेळ, आदला दिवस सुट्टीचा होता का, पाऊस होता का. जागा अशी लिहावी की पुढच्या तुकडीला तिथेच उभे राहता यावे. ‘शितळादेवीच्या देवळासमोर’ एवढे पुरत नाही. मोबाइलवर अक्षांश-रेखांश मिळतात, ते लिहावेत, आणि सोबत न हलणाऱ्या एखाद्या खुणेपासूनचे अंतर पावलांत न लिहिता मीटरमध्ये लिहावे. ज्या चौकटीत एकही बीळ मिळाले नाही, तिच्यापुढे रकाना कोरा न सोडता शून्य लिहावे.