पडदा हिरवा का होतो?

नंदुरबार जिल्ह्यातल्या कळसाडीसारख्या गावात, अंगणवाडीत लॅपटॉपवर स्तनपानाचा व्हिडिओ लावला आहे, असे समजा. बाळाचे तोंड मोठे उघडलेले हवे, हनुवटी स्तनाला टेकलेली हवी, खालचा ओठ बाहेर वळलेला हवा. हे दाखवणारी दोन-तीन सेकंदेच त्या व्हिडिओत खरी मोलाची. नेमक्या त्याच वेळी बाळाचा चेहरा चौकोनी ठिकऱ्यांत फुटतो आणि मग अर्धा पडदा हिरवागार होतो. आवाज मात्र व्यवस्थित चालू. जमलेल्या बायका हसतात, सेविकाताई लॅपटॉप मिटतात आणि ‘व्हिडिओच खराब आहे’ म्हणून फाइल डिलीट होते.

पुष्कळदा त्या फाइलचा काहीच दोष नसतो.

असे व्हिडिओ खरोखरच आहेत. आयआयटी मुंबईच्या ‘स्पोकन ट्युटोरियल’ प्रकल्पाने बालरोगतज्ज्ञ डॉ. रूपल दलाल यांच्या साहाय्याने स्तनपान आणि आहार यांवर छोटे व्हिडिओ तयार केले. मराठीसह अनेक भारतीय भाषांत ते आहेत आणि इंटरनेट नसतानाही ते पाहता येतात. सातपुड्याच्या डोंगरपट्ट्यात मोबाइलच्या रेंजचा भरवसा नाही, त्यामुळे फाइल पेन ड्राइव्हवरून, मेमरी कार्डावरून, एका फोनमधून दुसऱ्यात असा प्रवास करत येते. बिघाड या वाटेत झाला की शेवटच्या लॅपटॉपात, हे आधी ठरवावे लागते. त्यासाठी चित्र फाइलमध्ये कसे भरलेले असते, ते थोडे समजून घ्यायला हवे.

फुल एचडी व्हिडिओतल्या एका चित्रात 20 लाख 73 हजार 600 ठिपके असतात. प्रत्येक ठिपक्याच्या रंगासाठी तीन बाइट आणि सेकंदाला 25 चित्रे, असा सरळ हिशेब केला तर एका तासाला सुमारे 560 जीबी जागा लागेल. प्रत्यक्षात तासाभराचा व्हिडिओ एक-दोन जीबीत मावतो. ही किमया दोन युक्त्यांची. पहिली, चित्राचे छोटे चौकोन पाडायचे आणि प्रत्येक चौकोनातला डोळ्याला फारसा न जाणवणारा तपशील गाळायचा. यामागचे गणित बंगळुरूत जन्मलेल्या नासिर अहमद यांनी टी. नटराजन आणि के. आर. राव यांच्यासह 1974 मध्ये प्रसिद्ध केले. फोनमधला जवळजवळ प्रत्येक फोटो आणि व्हिडिओ आजही त्या गणितावर किंवा त्याच्या सुधारित रूपावर चालतो. ही तीन नावे आपल्याकडे शाळेच्या पुस्तकात असायला हरकत नव्हती.

दुसरी युक्ती अधिक धाडसी. प्रत्येक चित्र पूर्ण साठवायचेच नाही. अधूनमधून एक पूर्ण चित्र ठेवायचे आणि मधल्या चित्रांसाठी ‘हा चौकोन थोडा उजवीकडे सरकला, तो जागीच राहिला’ एवढीच नोंद करायची. वहीत रोजची शिल्लक न लिहिता फक्त जमा-खर्च लिहावा, तसे. एक नोंद चुकली की पुढची सगळी शिल्लक चुकते. पुढचे पूर्ण चित्र येईपर्यंत बिघाड पडद्यावर ओघळत राहतो. जुन्या दृश्यातला चेहरा नव्या दृश्यातल्या हालचालीबरोबर ओढला जातो. काही फाइलींत दोन पूर्ण चित्रांमध्ये 250 पर्यंत चित्रांचे अंतर असते, म्हणजे दहा सेकंद. चौकोन दिसतात ते याचमुळे आणि काही वेळाने चित्र आपोआप साफ होते तेही याचमुळे.

आणि हिरवाच रंग का? व्हिडिओत रंग लाल-हिरवा-निळा असे साठवलेले नसतात. एक आकडा उजेडाचा आणि दोन आकडे रंगछटेचे, अशी मांडणी असते. माहिती पोहोचलीच नाही आणि तिन्ही जागी शून्य राहिले, तर त्याचा रंग काळा येत नाही, गडद हिरवा येतो. थोडक्यात, हिरवा पडदा म्हणजे रिकामी जागा.

आता तपासणी. पहिली चाचणी फुकट आहे आणि तीच सगळ्यांत उपयोगी. व्हिडिओ मागे नेऊन तोच भाग पुन्हा चालवायचा. बिघाड दर वेळी त्याच सेकंदाला, तसाच दिसला तर संशय फाइलवर. कधी इथे, कधी तिथे दिसला, किंवा दुसऱ्या लॅपटॉपवर दिसलाच नाही, तर संशय यंत्रावर. जोडीला आणखी एक चाचणी: बिघडलेल्या चित्राचा स्क्रीनशॉट घेऊन तो फोनवर पाहायचा. स्क्रीनशॉट स्वच्छ असेल तर दोष बहुधा केबलमध्ये, प्रोजेक्टरमध्ये किंवा लॅपटॉपच्या पडद्यात आहे. व्हिडिओला हात लावायचे कारण नाही.

यंत्रावर संशय असेल तर आधी फाइल पेन ड्राइव्हवरून लॅपटॉपमध्ये कॉपी करून चालवावी. सैल यूएसबी खाचेतून माहिती अडखळत आली तरी चित्र तुटते. मग प्लेअर बदलून पाहावा. व्हीएलसी हा मोफत प्लेअर यासाठी बरा. 1996 मध्ये पॅरिसजवळच्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयातल्या विद्यार्थ्यांच्या प्रकल्पातून तो घडला. त्यातही हिरवा पडदा आला, तर टूल्स, प्रेफरन्सेस, इनपुट/कोडेक्स असे जाऊन ‘हार्डवेअर-अ‍ॅक्सिलरेटेड डिकोडिंग’ बंद करावे. एरवी चित्र उलगडण्याचे काम ग्राफिक्स चिपकडे असते; ते आता मुख्य प्रोसेसर करतो. एवढ्याने चित्र सुधारले तर चोर सापडला: ग्राफिक्सचा ड्रायव्हर. लॅपटॉप कंपनीच्या स्वतःच्या संकेतस्थळावरून तो अद्ययावत करावा. चित्र सुरुवातीला ठीक आणि अर्ध्या तासाने बिघडत असेल, तर लॅपटॉपच्या पोटाला हात लावून पाहावा. मे महिन्यात, पत्र्याखाली, गादीवर ठेवलेला लॅपटॉप तापतो आणि तापलेली ग्राफिक्स चिप चुका करू शकते.

फाइलचे नाव एमपी4 आहे म्हणून ती सगळीकडे चालेलच असे नाही. एमपी4 हा नुसता डबा. आत भाजी कोणती, ते झाकणावरून कळत नाही. आत 2003 मधला एच.264 प्रकार असेल तर जुना लॅपटॉपही तो सहज चालवतो. नवे फोन मात्र जागा वाचवण्यासाठी बरेचदा 2013 मधल्या एच.265 प्रकारात चित्रण करतात आणि जुन्या ग्राफिक्स चिपला तो ठाऊकच नसतो. मग चित्र गचके खाते किंवा नुसता आवाज येतो. फोनच्या कॅमेऱ्यात जुना प्रकार निवडता येतो. झालेले चित्रण हँडब्रेकसारख्या मोफत प्रोग्रामने एकदाच बदलून घ्यावे आणि मूळ फाइल जपून ठेवावी, कारण प्रत्येक रूपांतरात थोडा तपशील गळतो. व्हॉट्सअ‍ॅपवर साध्या पद्धतीने पाठवलेल्या व्हिडिओचेही तेच होते. ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवला तर तो जसाच्या तसा जातो.

अशा वेळी गूगलवर शोधून सापडेल तो ‘कोडेक पॅक’ उतरवून घेण्याचा मोह होतो. तो टाळावा. या नावाखाली व्हायरस पुरवण्याचा धंदा जुना आहे.

फाइलच खराब निघाली तर दुरुस्तीपेक्षा मूळ ठिकाणाहून नवी प्रत घेणे शहाणपणाचे. कॉपी होत असतानाच पेन ड्राइव्ह उपटणे, हे नेहमीचे कारण. दुसरे कारण बाजारातले. बाहेर 128 जीबी छापलेले आणि आत जेमतेम 8 जीबी असलेले स्वस्त पेन ड्राइव्ह सर्रास विकले जातात. त्यांत फाइल कॉपी झाल्यासारखी दिसते, नाव आणि आकारही बरोबर असतो, पण आतली माहिती कुठेच गेलेली नसते. चित्रण चालू असताना वीज गेली किंवा बॅटरी संपली, तर वेगळीच अडचण येते. एमपी4 मधली अनुक्रमणिका पुष्कळदा शेवटी लिहिली जाते. ती लिहायचीच राहिली तर फाइल उघडतच नाही. अशी फाइल मात्र पुसू नये. त्याच कॅमेऱ्यातली दुसरी चांगली फाइल नमुन्याला घेऊन अनुक्रमणिका पुन्हा बांधणारे प्रोग्राम आहेत आणि चित्र बरेचदा परत मिळते.

जुन्या लग्नाच्या कॅसेटवरून करून घेतलेल्या व्हिडिओत नवरदेवाच्या हातापायांना कंगव्याच्या दातांसारख्या आडव्या रेघा दिसतात, त्याला बिघाड म्हणता येणार नाही. त्या काळचे कॅमेरे सेकंदाला 50 अर्धी चित्रे घेत, आधी एक आड एक ओळी आणि मग उरलेल्या. टीव्हीच्या जुन्या नळीवर ते खपून जाई. व्हीएलसीच्या ‘व्हिडिओ’ मेनूत ‘डीइंटरलेस’ चालू केले की रेघा जातात आणि वरात पूर्वीसारखी पुढे सरकते.